चौतीस माणसं मेट्रोच्या गेटातून कशी काढायची

पहिल्या खेपेला मला अकरा मिनिटं लागली. तिसऱ्या खेपेला दोन. माणसं तेवढीच, ३४, आणि त्यातली निम्मी तर तीच. गेटंही तशीच. फरक एवढाच की कुठं थांबायचं आणि कुठं अजिबात थांबायचं नाही, हे तिसऱ्या वेळी आम्ही एरंडोलहून ठरवून निघालो होतो.

माझं सायकलचं दुकान आहे. त्याच्या जोडीला वर्षातून एक-दोनदा गावातली आणि आजूबाजूच्या खेड्यांतली मंडळी घेऊन मी मुंबई करून आणतो. आमच्याकडे पद्मालयाचा गणपती, तिथं माथा टेकवला की पुष्कळांना सिद्धिविनायकाची ओढ लागते. जळगावहून रात्रीची गाडी धरायची, सकाळी सीएसएमटीला उतरायचं. पूर्वी तिथून टॅक्सीवाल्यांशी हुज्जत घालावी लागायची. आता आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो ऑक्टोबर २०२५ पासून पूर्ण सुरू झाली आहे. ३३.५ किलोमीटर, २७ स्टेशनं, आणि सीएसएमटीपासून मोजत गेलं तर सिद्धिविनायक नववं. टॅक्सीचा विषय संपला. गेटाचा सुरू झाला.

ज्याला दोन-चार माणसं न्यायची आहेत त्यालाही हे उपयोगी पडेल. एकट्याला तर पडेलच.

आधी गेट काय करतं ते मंडळींना समजावून सांगा, आणि त्यांच्या भाषेत सांगा. मी जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्याच्या, काट्याचं उदाहरण देतो. कापसाची गाडी आत जाताना भरलेली तोलतात, बाहेर येताना रिकामी तोलतात, आणि मधला फरक काढून पैसे मांडतात. मेट्रोचं तिकीट तसंच आहे. आत जाताना एकदा दाखवायचं, बाहेर पडताना पुन्हा दाखवायचं. पहिली नोंद नसेल तर दुसरीला अर्थ नाही. काटा चुकवून जिनिंगमध्ये शिरलेली गाडी बाहेर पडताना कशी अडकते, हे कापूस पिकवणाऱ्याला वेगळं सांगावं लागत नाही.

हे आधी सांगितलं नाही तर काय होतं ते मी पाहिलंय. पहिल्या खेपेला आमचे एक जिभाऊ पुढच्याच्या पाठीला पाठ लावल्यासारखे, म्हणजे खरं तर पोट लावून, एकाच उघडझापीत आत निसटले. आत गेल्यावर खूश. स्वतःचं तिकीट कोपरीच्या खिशात कोरंच्या कोरं. बाहेर पडायच्या स्टेशनात गेट उघडेना, कारण यंत्राच्या हिशोबी हा माणूस आत आलेलाच नव्हता. मग गेटाशेजारच्या काउंटरवर जाऊन समजावणं, माफी मागणं, आणि तेवढा वेळ तेहतीस माणसं भिंतीला टेकून उभी. चूक आमचीच होती.

म्हणून पहिली गोष्ट. तिकीट ज्याचं त्याच्या हातात. घरातला कर्ता माणूस सगळ्यांची तिकिटं मुठीत धरतो आणि "आम्ही पाच जण" म्हणतो, ती सवय एसटीत चालते कारण कंडक्टर माणूस आहे, त्याला डोळे आहेत. गेट एक तिकीट घेतं आणि एक देह सोडतं. दोन्ही बाजूंच्या खांबांत अदृश्य प्रकाशाचे किरण सोडणारे सेन्सर असतात. किरण कुठल्या क्रमानं तुटले यावरून गेट ओळखतं की एक गेला, त्याच्यामागून दुसरा घुसतोय, की कोणी उलटा येतोय. दोघं चिकटून गेले तर ते ओरडतं किंवा झडपा मिटतं. कधी फसतंही, जसं जिभाऊंच्या वेळी फसलं.

खिडकीवर कागदाचं क्यूआर तिकीट मिळतं, मोबाइलवरही काढता येतं. मंडळी असेल तर कागदच बरा. बटणाचा फोन असलेली निम्मी माणसं असतात आणि उरलेल्यांचा फोन नेमका गेटासमोर झोपतो. पण कागदाला एक खोड आहे, त्याची घडी चौकोनाच्या मधोमध पडली किंवा घामानं भिजला की यंत्र वाचत नाही. आमच्या बायका नोट जशी बारीक घडी करून ठेवतात तसं तिकीट ठेवायचं नाही. मी आता जुन्या लग्नपत्रिकांचे पुठ्ठे कापून नेतो. प्रत्येकाला एक पुठ्ठा, त्यावर तिकीट रबरानं लावलेलं. हसतात, पण पुठ्ठा हरवत नाही आणि चुरगळतही नाही. तंबाखूच्या चंचीत तिकीट ठेवणाऱ्या आबांचा इलाजही त्यातच झाला.

वारंवार जाणाऱ्यानं एनसीएमसी (नॅशनल कॉमन मोबिलिटी कार्ड), म्हणजे वेगवेगळ्या शहरांत चालणारं प्रवासाचं एकच कार्ड, काढावं. मार्च २०१९ मध्ये ते देशात आलं. पैसे कार्डातच साठतात, म्हणून गेटाला बँकेला विचारत बसावं लागत नाही, आणि तेच कार्ड पुण्याच्या मेट्रोतही चालतं. माझं आहे. मंडळींसाठी काढत नाही, दोन दिवसांच्या यात्रेला कोण एवढं करणार.

आता सराव. हा माझा शोध आहे आणि मला त्याचा थोडा गर्व आहे. निघायच्या आदल्या संध्याकाळी दुकानामागच्या अंगणात दोन खाटा समांतर लावायच्या, मध्ये जेमतेम दोन फूट जागा. उजव्या खाटेवर, पुढच्या टोकाला एक पाट उपडा. तो आपला स्कॅनर. सगळ्यांनी बारीत उभं राहायचं, पुठ्ठा उजव्या हातात, पाटावर टेकवायचा, तीन पावलं चालायचं, आणि खाटा संपल्या तरी चालत राहायचं.

चालत राहायचं, यावरच सगळं अवलंबून आहे, आणि तेच कोणी करत नाही. आमच्या माणसाचा स्वभाव असा की उंबरा ओलांडला की वळून बघायचं, घरचं माणूस आलं का. खाटांमधून बाहेर पडलेले नाना तिथंच वळले आणि "मन्ही बाई कोठे शे?" करत उभे राहिले. मागची बाई अर्थातच दोन खाटांच्या मध्ये अडकली. अंगणात सगळे हसले. मेट्रोत हेच होतं तेव्हा मागे शंभर नोकरदार असतात आणि कोणी हसत नाही. गेटातून सुटलेल्या माणसानं पंधरा पावलं जायचं, मगच वळायचं. मी पंधरा मोजून खडूची रेघ मारली होती. तीन फेऱ्यांत माणसं रेघेपर्यंत जायला लागली. एक मावशी मात्र चौथ्या फेरीतही रेघेच्या अलीकडे, तिला शेवटी सुनेनं दटावलं, "चाल व माय, आठे कसाले उभी राह्यनी?"

उजवा हात का, तर आपल्या वाटेचं यंत्र आपल्या उजव्या खांबावर असतं. बहुतेकांचा उजवा हात चालतो म्हणून ते तिथं बसवलेलं. डावखुऱ्या माणसाची इथं गंमत होते. तो डाव्या हातानं डाव्या खांबावर तिकीट दाखवतो आणि शेजारचं गेट उघडतं. तिथं उभा असलेला अनोळखी माणूस आपल्याच तिकिटावर निघून जातो आणि आपल्या पुढच्या झडपा बंदच. आमच्यात दोन डावखुरे आहेत. त्यांच्या उजव्या मनगटाला मी लाल दोरा बांधतो. लोकांना वाटतं देवाचा आहे.

स्टेशनात उतरताना सरकते जिने असतात. त्यांच्या भीतीबद्दल वेगळं लिहावं लागेल. इथं एवढंच, की जिना संपतो तिथं थांबायचं नाही, कारण मागून माणसं येतच असतात आणि जिना कोणासाठी थांबत नाही. त्यानंतर सुरक्षा तपासणी, पिशव्या पट्ट्यावरून यंत्रातून जातात. अडकित्ता, विळा, कोयती घरी ठेवा. वांग्याच्या भरताचा डबा आणि कळण्याच्या भाकरी निघून जातात, त्यांची काळजी नको, पण आत बसून खायच्या नाहीत.

तपासणी आणि गेट यांच्यामध्ये जी मोकळी जागा असते, तीच आपली थांबायची जागा. सगळं आवरणं इथं करायचं. पिशव्या खांद्यावर घ्या, पुठ्ठे हातात येऊ द्या, चष्मा लावा, पदर कमरेला खोचा, धोतराचा सोगा आवरा. झडपांना मऊ कड असते, त्या माणसाला कापत नाहीत, पण मागे लोंबणारा पदर त्यांच्यात सापडतो आणि माणूस घाबरून मागे ओढतो, ते नको. मी इथं भिंतीकडेला, लोकांच्या वाटेत न येता, सगळ्यांना थांबवतो आणि मोजतो. ३४ भरले की मगच हलायचं. गेटासमोर पोचल्यावर खिसे चाचपणारा एक माणूस सगळी ओळ थांबवतो. आणि तो खिसा नेमका आतल्या बंडीचा असतो.

मग गेट निवडायचं. रांगेत आठ-दहा गेटं असली तरी सगळी आपली नसतात. हिरवा बाण दिसतो ते आपल्यासाठी, लाल फुली दिसते ते समोरून येणाऱ्यांसाठी किंवा बंद. अक्षर न येणाऱ्यालाही हे कळतं, म्हणून बोर्ड वाचायला सांगू नका, रंग सांगा. काही गेटं दोन्हीकडून चालतात. तिथं ज्याचं तिकीट आधी टेकलं तो जातो, समोरच्यानं वाट बघायची. समोरून गाडीची गर्दी येत असेल तर अशा गेटाच्या नादी लागू नका, तुमची पाळी येणारच नाही.

माणसं जिन्यावरून उतरली की नाकासमोरच्या गेटाकडे जातात आणि मग पुढच्याच्या पाठीकडे बघून उभी राहतात. कडेची दोन गेटं रिकामी असतात. सिनेमाच्या खिडकीवर, लग्नाच्या पंगतीत, दर्शनबारीत, सगळीकडे मी हे पाहिलंय, जिथं चार माणसं उभी तिथं पाचवं जाऊन उभं राहतं. मंडळी घेऊन जाणाऱ्यानं कडेचं गेट धरावं. एक तर रोजच्या लोकांचा खोळंबा होत नाही, त्यांना घाई असते आणि आपल्याला नसते. दुसरं म्हणजे रुंद गेट बहुतेक कडेलाच असतं. चाकाची खुर्ची, काठीवालं माणूस, कडेवर मूल असलेली बाई आणि मोठी बॅग, एवढ्यांना रुंद गेट. बाकी धडधाकट माणसांनी त्यात शिरू नये, ते उघडायला-मिटायला जास्त वेळ घेतं.

आता प्रत्यक्ष पार होणं. पुढचा माणूस झडपांच्या पलीकडे गेला आणि झडपा मिटल्या, की मगच आपलं तिकीट. घाईघाईनं आधी टेकवलं तर गेट गोंधळतं. क्यूआरचा कागद काचेवर चौकोन खाली करून, सपाट धरायचा, काचेला घासायचा नाही, दोन-तीन बोटं वर. कार्ड असेल तर उलट, ते टेकवायचंच, आणि क्षणभर तसंच राहू द्यायचं. कार्डातली चिप चार बोटांपलीकडून बोलत नाही. हवेत ओवाळू नका, आरती नाही ती. पाकिटात दोन कार्डं एकत्र असतील तर यंत्राला कुठलं ऐकावं ते कळत नाही, हवं ते बाहेर काढा. मोबाइलवर तिकीट असेल तर उजेड पूर्ण वाढवून ठेवा.

झडपा उघडल्या की नेहमीच्या चालीनं चाला. धावू नका, दबकूही नका. दबकणाऱ्याचं जास्त नुकसान होतं. अर्धं पाऊल टाकून, झडपा आपल्यावर मिटतील म्हणून थबकला, की वेळ संपून त्या खरंच मिटतात. बॅग मागून ओढत नेऊ नका, ती गेटाला दुसरा माणूस वाटते. पुढे ढकला. लेकरूही पुढे. ९० सेंटीमीटरच्या आतलं, म्हणजे तीन फुटांपेक्षा लहान मूल मोठ्यांबरोबर फुकट जातं, त्याला हाताला धरून मागे ठेवलं की आई पलीकडे आणि लेकरू अलीकडे, आणि मग जी रडारड होते ती सगळ्या स्टेशनाला ऐकू जाते. डोक्यावरच्या गाठोड्याचं मात्र मला नवल वाटलं. आमच्या एका अक्का चुंबळीवर गाठोडं ठेवून सरळ निघून गेल्या, गेटानं हूं की चूं केलं नाही. सेन्सर खाली, कमरेच्या अंगाला. डोक्यावर काय आहे ते त्याला दिसतच नव्हतं.

झडप उघडली नाही, लाल दिवा लागला, तर पुन्हा एकदा नीट टेकवून बघा. एकदाच. नाही झालं तर "मागे सरका" म्हणत उलटी ढकलाढकल करू नका, एक पाऊल बाजूला व्हा, मागच्याला जाऊ द्या आणि शेजारच्या काउंटरवर तिकीट दाखवा. तिथले लोक रोज हेच बघतात. झडप हातानं उघडायचा प्रयत्न करू नये. शेताचं फाटक नाही. आणि कोंडले जाऊ याची भीती असेल तर ती काढून टाका. आग लागली किंवा तसं काही संकट आलं, तर सगळी गेटं एकदम उघडी पडतील अशीच त्यांची रचना असते.

माझा भाचा कामानिमित्त सहा महिने ओसाकात होता. त्याला मी अंगणातल्या खाटांचं सांगितलं तेव्हा तो आधी हसला, मग गप्प झाला. म्हणाला, मामा, जपान्यांनीही हेच केलं होतं. ओसाकाजवळच्या किता-सेन्री स्टेशनात १९६७ साली स्वयंचलित गेटं बसली. तिकडची बरीच गेटं मुळात उघडीच असतात, तिकिटात खोट सापडली तरच झडप आडवी येते. माणूस चालता चालता तिकीट देतो, चाल मोडत नाही. आपल्याकडे उलटं, बंद गेट तिकीट पाहून उघडतं, त्यामुळं प्रत्येकाच्या चालीला एक गचका बसतो. पुढे टोकियोत २००१ साली सुइका नावाचं टेकवायचं कार्ड आलं. त्याआधी चाचणी घेतली तर माणसं कार्ड नीट धरीनात. कोणी लांबूनच दाखवी, कोणी हलवत राही, कोणी उभं धरी. मग एका रचनाकारानं स्कॅनरचा पृष्ठभाग माणसाकडे १३.५ अंशांनी कलता केला आणि त्यावर उजेड दिला. हात आपोआप तिथं जायला लागला, पाटी वाचायची गरजच राहिली नाही.

मी त्या रात्री पाटाखाली एका बाजूनं लाकडाची ढलपी सरकवून पाहिली. कलत्या पाटावर पुठ्ठा टेकवायला खरंच सोपं जातं. पण मुंबईत पाट आपला नाही, म्हणून ढलपी काढून टाकली आणि सपाटावरच सराव चालू ठेवला.

रांग कशी लावायची त्याचंही शास्त्र आहे. सगळ्यात पुढं शहर पाहिलेला पोरगा, तो पंधरा पावलांवर जाऊन हात वर करून उभा राहतो. बाकीच्यांना गेटाकडे बघायचं नसतं, त्या हाताकडे बघायचं. म्हातारी माणसं मध्ये, प्रत्येक दोन म्हाताऱ्यांमागे एक तरुण. नवरा-बायकोला एकामागे एक ठेवू नका, मध्ये तिसरं माणूस घाला. नवरा वळत नाही मग, कारण वळला तर दिसतो शेजारच्या गल्लीतला तात्या. आणि सगळ्यात शेवटी मी. नेणारा पुढं गेला की मागे राहिलेल्याला कोणी वाली नसतो, हे मी पहिल्या खेपेला शिकलो. पुढं होऊन "या, या" करत होतो आणि अलीकडे सहा जण तिकीट हातात घेऊन माझ्याकडे नुसते बघत होते, जत्रेत चुकल्यासारखे.

दोन गेटं धरली तर दोन रांगा करा, पण घरं फोडू नका. एक घर एका रांगेत.

आत गेल्यावर तिकिटाचा पुठ्ठा पुन्हा खिशात, फेकायचा नाही. काम झालं म्हणून फलाटावर कागद टाकून देणारे नेहमी एक-दोन निघतात. आत फार वेळ रेंगाळायचंही नाही, तिकिटाला वेळेची मर्यादा असते. गाडी आली नाही तोवर फलाटावर काचेची भिंत आणि तिची दारं बंदच असतात, तेव्हा वाकून गाडी बघणाऱ्यांची चिंता नाही.

बाहेर पडताना गर्दी जास्त, कारण गाडीतून सगळे एकदम उतरतात. इथं एकच युक्ती, गाडीबरोबर जिन्याकडे धावू नका. फलाटावर भिंतीला लागून दोन मिनिटं थांबा. गाडीची माणसं वर निघून जातात, गेटं मोकळी होतात, आणि पुढची गाडी यायच्या आत तुमची मंडळी आरामात पार होते. शहरातली माणसं पळतात ती पळू द्या, सिद्धिविनायक कुठं जात नाही.

पण गेटाबाहेर पडायच्या आधी एक गोष्ट बघून ठेवा. भुयारी स्टेशनाला रस्त्यावर निघणारी तोंडं दोन-चार असतात, आणि गेटाबाहेर पडल्यावर त्या फाट्यांवर मंडळी फुटते. दुसऱ्या खेपेला आमचे सात जण रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर निघाले आणि मध्ये वाहनांचा पूर. म्हणून कुठल्या तोंडानं बाहेर निघायचं ते आतच, पाटी बघून किंवा कर्मचाऱ्याला विचारून ठरवा, आणि पुढच्या पोराला गेटाबाहेर पंधरा पावलांवर त्याच तोंडाच्या बाजूला उभं करा. सगळ्यात शेवटी आपण निघायचं, पुठ्ठे गोळा करायचे. तिसऱ्या खेपेला तेहतीस मिळाले. चौतिसावा एका बाईनं मागूनही दिला नाही, नातवाला दाखवायचाय म्हणाली.